हत्यार एकटं येत नाही

माणूस बँकेतून निवृत्त झाला की नातेवाइकांना तो फुकटातला सीए वाटायला लागतो. कुणाची एफडी मोडायची की ठेवायची, कुणाचं गृहकर्ज कुठल्या बँकेतून उचलून कुठल्या बँकेत न्यायचं, कुणाच्या मुलीच्या लग्नाला हॉल स्वस्त पडेल की लॉन, सगळी प्रकरणं आमच्या नौपाड्यातल्या घरी येतात. मीही नाही म्हणत नाही. चौकड्यांची वही काढतो, मध्ये उभी रेघ मारतो, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च मांडतो, आणि शेवटी बायको जे म्हणेल ते सांगतो.

त्यामुळे एका रविवारी बरोबर पोह्यांच्या वेळेला आमचे भाचे उगवले आणि "मामा, हत्यारं विकत घेऊ की भाड्याने?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. वाटलं ते बायकोला. ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. "कसली हत्यारं रे?"

कारपेट घालायची हत्यारं. भाच्याने इंटिरियरच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे काही वर्षं उमेदवारी केली आणि आता स्वतःची कामं घ्यायची ठरवली. ताईला हे अजून पचलेलं नाही. "डिप्लोमा करून सतरंज्या अंथरतोय," असं ती चारचौघांत सांगते. पण पोरगा डोळे उघडे ठेवून आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जी काचेची ऑफिसं उभी राहिली त्यांत खालची फरशी कुणी पाहिलेली नाही. सगळीकडे कारपेटचे चौकोन. ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला चार. कुणी कॉफी सांडली की तेवढा चौकोन उचलायचा आणि नवा बसवायचा. दुसरीकडे घोडबंदर रोडच्या टॉवरांत अमेरिकेहून परतलेली मंडळी राहायला येतात. त्यांना बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कारपेट हवं असतं, तेही खाली गादी घातलेलं आणि गोंद न लावता ताणून बसवलेलं. ठाण्याच्या जुलैत त्याला कसला वास येतो ते पहिल्या पावसाळ्यापर्यंत त्यांना माहीत नसतं. सांगणं भाच्याचं काम नाही, असं भाच्याचं म्हणणं.

चौकोन चिकटवायला फारसं काही लागत नाही. दातेरी थापी, कटर, खडूची दोरी, आणि शेवटी वरून फिरवायला एक वजनदार रोलर. खरी गोम ताणायच्या कामात आहे. खोलीच्या चारी भिंतींलगत लाकडाच्या अरुंद पट्ट्या बसवतात. पट्टीतून खिळ्यांची टोकं वर आलेली असतात, भिंतीकडे कललेली. कारपेटची कड त्या टोकांवर अडकवायची. नुसती अडकवून भागत नाही. कारपेट लांबी-रुंदीत एक ते दीड टक्का ताणावं लागतं, नाहीतर काही दिवसांत त्याला लाटा येतात. बारा फुटांच्या खोलीला हा ताण भरतो दीड ते दोन इंच. दीड इंच म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याकडे दीड इंच सरकायला मागून बघावं.

हा दीड इंच मिळवायला दोन हत्यारं. त्यातलं पहिलं भाचा जुन्या मालकाकडून रविवारपुरतं मागून घेऊन आला होता. हातभर लांबीची नळी. एका टोकाला धातूचं जाड डोकं, त्याच्या पोटाला दात, दात किती बाहेर काढायचे ते ठरवायला वर एक चकती. दुसऱ्या टोकाला फोमची गादी. दात कारपेटमध्ये रुतवायचे, एका हाताने डोकं दाबून धरायचं आणि गादीवर पायाने धक्का मारायचा.

"पायाने म्हणजे गुडघ्याने?"

"वाटीने नाही, मामा. वाटीच्या जरा वर, मांडीच्या टोकाने. हे बघ."

आणि त्याने आमच्या हॉलमधल्या गालिच्यात दात रुतवून धक्का मारला. गालिचा सरकला. त्याच्यावरचा टीपॉय सरकला. टीपॉयवरची पोह्यांची बशी मात्र होती तिथेच राहायला बघत होती, ते तिला जमलं नाही.

"भदोहीचा आहे तो," बायको म्हणाली. "हाताने विणलेला. माझ्या दादाने दिलाय." मग पोह्यांतले शेंगदाणे दोन्ही पिढ्यांनी मिळून वेचले.

दुसरं हत्यार मोठं. नळ्या एकमेकींना जोडत खोलीच्या लांबीचा खांब करायचा, त्याची शेपटी समोरच्या भिंतीला टेकवायची, दातांचं डोकं या बाजूला कारपेटमध्ये रुतवायचं आणि तरफ खाली दाबायची. कारपेट निमूट पुढे सरकतं. गुडघ्याला काही काम नाही. अमेरिकेतल्या कारपेट उद्योगाची जी मानकं आहेत त्यांतही घरातलं कारपेट ताणायचं ते याच यंत्राने, गुडघ्याचं हत्यार फक्त जागेवर बसवायला आणि अडचणीच्या ठिकाणी वापरायचं, असं बजावलं आहे.

"आणि किंमत?"

भाच्याने मोबाइल पुढे केला. मी चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितलं. पहिल्यांदा बरोबरच दिसलं होतं.

"अमेरिकेत हे भाड्याने मिळतं," भाचा म्हणाला. "मोठमोठी दुकानं आहेत. चार तासांसाठीसुद्धा देतात. माणूस सकाळी उचलतो, खोली करतो, जेवायच्या आत परत."

अमेरिकेत मिळत असेल. ठाण्यात चार तासांच्या बोलीवर काही भाड्याने घेतलं, तर माजिवड्याला गाडीत चढवलेलं यंत्र पातलीपाड्याला उतरेपर्यंत परत द्यायची वेळ होईल. हे मी बोललो नाही. वही काढली.

वहीतलं गणित साधं असतं, ते साधंच ठेवावं. समजा यंत्र ३०,००० रुपयांचं आणि भाडं दिवसाला १,०००. मग तीस दिवसांचं काम होईपर्यंत भाडं परवडतं, एकतिसाव्या दिवसापासून विकत घेतलेलं. पण कामं पुढच्या महिन्यात तीस मिळणार की तीन वर्षांत, हे भाच्यालाच माहीत नाही. त्यात घसारा. प्राप्तिकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीला साधारण १५ टक्के घसारा धरतात, तोही घटत्या शिलकीवर. १०० रुपयांचे पहिल्या वर्षी ८५, दुसऱ्या वर्षी ७२ रुपये २५ पैसे, तिसऱ्या वर्षी ६१ रुपये ४१ पैसे. पैशांपर्यंत आल्यावर भाच्याने जांभई दिली. तरुणांना घसाऱ्यात रस नसतो, त्यांचा सुरू झालेला नसतो. मग अडकलेल्या भांडवलावरचं व्याज, ठेवायला जागा, दुरुस्ती. आणि वर एक तळटीप: ब्लेड कुणीही भाड्याने देत नाही. कारपेटच्या पाठीला जो जाड थर असतो तो ब्लेडची धार खाऊन टाकतो, तेव्हा ब्लेडचे डबे विकतच घ्यायचे, वाद नको.

निकाल असा दिला: सुरुवातीला भाड्याने, कामं वाढली की विकत. हा सल्ला जगातला कुठलाही बँकवाला देईल आणि तो बरोबरच आहे. फक्त त्यासाठी ती वस्तू भाड्याने मिळायला हवी.

वागळे इस्टेटच्या बाजूला भाड्याने यंत्रं देणारं एक दुकान आहे, तिथे आम्ही गेलो. बाहेर परांचीचे पाइप, लोखंडी टेकू, काँक्रीट कालवायचं मशीन. आत काउंटरवर लक्ष्मी-गणपती आणि त्यांच्यामागे ज्याचं डिपॉझिट परत न्यायला कुणी आलं नाही अशा दिसणाऱ्या वस्तूंचा ढीग.

"कारपेट खेचायचं मशीन?" दुकानदाराने आम्हाला नीट बघून घेतलं. "काका, आपल्याकडे भिंत फोडायचा हॅमर आहे, फरशी घासायचं मशीन आहे, स्लॅबला व्हायब्रेटर आहे. कारपेट कोण खेचतं? एसआर गोंद लावतात, अंथरतात, वरून चालतात."

माणूस चुकीचं बोलत नव्हता. आपल्याकडे जमीन म्हणजे फरशी किंवा कोबा. परदेशातल्या लाकडी जमिनीवर पट्टी जशी खिळ्यांनी पटापट ठोकता येते तशी ती इथे ठोकता येत नाही. व्हिट्रिफाइड टाइलवर खिळा मारला की टाइल तडकते. मग पट्टीच चिकटवायची, आणि पट्टी चिकटवायचीच तर सरळ कारपेटच चिकटवलं काय वाईट, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा तर्क. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तर दुहेरी चिकटपट्टी आणि कटर एवढ्यावर हॉलच्या हॉल लाल होतात आणि प्रदर्शन संपलं की उचलले जातात. तिथे कोण तरफा दाबत बसणार.

आलोच आहोत तर भाड्याच्या अटी तरी विचारून घेऊ म्हणून मी हॅमरची चौकशी केली. डिपॉझिट. आधारची झेरॉक्स. छिन्नी तुमची. आतला कार्बन झिजला तर तोही तुमचा. दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सात. पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो; या दुकानात संध्याकाळी सात वाजून एक मिनिटाला बदलतो आणि दुसरं भाडं सुरू होतं.

"चालवायला माणूस देऊ ना?"

"नको, नुसतं मशीन."

"नुसतं मशीन?" त्याने पेन खाली ठेवलं. "मग डिपॉझिट डबल."

इथे मला या धंद्याची खरी नाडी सापडली. आपल्याकडे हत्यार एकटं कुठे जात नाही. त्याच्याबरोबर माणूस येतो. जेसीबीबरोबर ड्रायव्हर येतो, मांडवाबरोबर मांडववाला येतो, बँडच्या ढोलाबरोबर तो वाजवणारा येतो. नुसता ढोल न्यायला कुणी आलं तर लोक त्याच्याकडे संशयानेच बघणार. अमेरिकेतली विकत की भाड्याने ही दोनच रकान्यांची वही इथे पुरत नाही. मी तिथल्या तिथे तिसरा रकाना आखला.

मुंबईत नागदेवीलाही जाऊन आलो. नागदेवी स्ट्रीटवर काय मिळत नाही विचारा. पण मिळतं ते विकत. भाड्याचं नाव काढलं की समोरचा गृहस्थ पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागतो. एकाने मात्र बाहेरून मागवून देतो म्हणून सांगितलं, आगाऊ पैसे भरून, आणि कधी येईल या प्रश्नावर छताकडे बघितलं.

शेवटी तुर्भ्याला एक कॉन्ट्रॅक्टर सापडला. त्याच्याकडे खांबाचं यंत्र होतं, दुबईतल्या हॉटेलांच्या कामांवरून आलेलं. भाड्याने देईन म्हणाला, पण बरोबर उस्ताद येणार.

"काम आमची पोरं करतील," भाचा म्हणाला.

"करू दे की. उस्ताद कामाला नाही येत. मशीनबरोबर येतो."

घोडबंदरच्या पहिल्या कामावर हिशेब ठेवायला म्हणून मीही गेलो होतो, त्यामुळे उस्तादांचं दर्शन मला जवळून घडलं. पन्नाशीपुढचा सडपातळ माणूस, इस्त्रीचा शर्ट, कानामागे पेन्सिल. यंत्राची पेटी स्वतः उतरवून घेतली, स्वतः उघडली, प्रत्येक नळी फडक्याने पुसून ओळीने मांडली. मग प्लास्टिकची खुर्ची मागवली, ती खोलीच्या दारात ठेवली, आणि तिच्यावर जे बसले ते जेवणापर्यंत उठले नाहीत.

भाच्याच्या पोरांनी पट्ट्या बसवल्या. गादी अंथरली. कारपेटचा गुंडाळा उलगडला. हे कारपेट बारा फुटी पन्ह्याचं येतं आणि खोली त्याहून रुंद, तेव्हा जोड घालणं आलं. दोन कडा शेजारी आणायच्या, खाली गोंदाची पट्टी, पट्टीवरून खास इस्त्री हळूहळू सरकवायची; पुढे गोंद वितळत जातो, मागे कडा दाबत यायचं. भाचा जिभेचं टोक दातांत धरून हे करत होता.

उस्तादांनी हवेत नाक उचललं. "इस्त्री तापली."

भाच्याने चकती मागे फिरवली. थोड्या वेळाने पुन्हा नाक वर. "आता थंड आहे. सुटेल जोड."

मग यंत्र आलं. खांब जोडला, शेपटी समोरच्या भिंतीला टेकवली, डोकं रुतवलं, भाच्याने तरफेवर हात ठेवला. उस्ताद शांतपणे चहा पीत होते. तरफ अर्धी खाली गेली तेव्हा समोरची भिंत कुरकुरली. भाचा थांबला.

"जिप्सम आहे ती," उस्ताद म्हणाले. "शेपटीमागे आडवी फळी लावा. भार पसरतो. नाहीतर पलीकडच्या बाथरूममध्ये निघेल."

"अहो, मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही. माझं काम मशीन सांभाळायचं."

फळी लागली, तरफ दाबली, आणि तो मोलाचा दीड इंच टक् टक् करत पट्टीवर येऊन बसला. खरं सांगतो, बघण्यासारखं दृश्य होतं. कारपेटवरची एकेक लाट निघून जात होती आणि उस्तादांचा कप हळूहळू रिकामा होत होता. चहा मिळाल्यावर उस्ताद बोलतात हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं होतं, म्हणून मी दुसरा मागवला. दुसऱ्या चहात त्यांनी पट्टी आणि भिंत यांच्यात किती फट ठेवायची, कड आत कशी दाबायची आणि ताणाची सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून करायची, हे सगळं सांगून टाकलं. कुठल्या कोर्सला भाच्याने हे शिकायला पैसे भरले असते तर कितीतरी गेले असते. ती रक्कम मी वहीत जमेला धरली. खर्चाला धरलं ते असं: यंत्राचं भाडं, उस्तादांची हजेरी, पेटीसकट जायची-यायची रिक्षा, जेवण, आणि चहा. बेरीज केली तेव्हा यंत्राचं भाडं सगळ्यांत खाली कुठेतरी होतं. महाग माणूसच पडला होता. पण जिप्समची भिंत शाबूत होती.

पुढच्या कामाच्या वेळी उस्ताद आणि यंत्र पनवेलला गेले होते. भाच्याने मग सगळं काम गुडघ्यावर काढलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा जिना आडवा चढत होता, एकेक पायरी, कठडा धरून. पाय टीपॉयवर ठेवला तर गुडघ्यावर पाणी साठल्यासारखी सूज. बायकोने हळद-मीठ लावलं आणि डॉक्टरकडे पिटाळलं.

याबद्दल मी वाचायला घेतलं आणि थक्क झालो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिने १९९० मध्ये खास कारपेट घालणाऱ्यांच्या गुडघ्यांविषयी इशारा प्रसिद्ध केला होता. तिथल्या एकूण कामगारांत कारपेटवाले ०.०६ टक्क्यांहूनही कमी. पण गुडघ्याच्या दुखापतीसाठी भरपाईचे जे दावे येत त्यांतले ६.२ टक्के या लोकांचे. कारण दिवसभर गुडघ्यावर बसणं, आणि वर त्याच गुडघ्याने धक्के मारणं. उपाय म्हणून त्यांनी काय सुचवलं, तर शक्य तिथे खांबाचं यंत्र वापरा.

मी वही पुन्हा उघडली. गुडघ्याच्या हत्याराला घसारा मिळतो. खांबाच्या यंत्राला मिळतो. ब्लेड तर सरळ खर्चातच जातं. ज्या गुडघ्याने हे हत्यार मारायचं त्याला घसारा मात्र प्राप्तिकराच्या कुठल्याही तक्त्यात नाही. घटत्या शिलकीची पद्धत जर कुठे खरी लागू पडत असेल तर ती गुडघ्यालाच, हे साठीनंतरचा कुणीही सांगेल, पण खात्याला ते मान्य नाही.

हे मी ताईला फोनवर सविस्तर समजावत होतो. ती मध्येच म्हणाली, "यंत्र विकत घे म्हणावं त्याला. पैसे मी देते. आणि गुडघा भाड्याने कुठे मिळतो का, तेवढं तुझ्या वहीत बघून ठेव." सतरंज्या अंथरणाऱ्या मुलासाठी तिने मोडलेली एफडी माझ्याच जुन्या शाखेतली होती, आणि ती मुदतीआधी मोडू नये असं मीच तिला मागे लेखी सांगितलं होतं.

तर यंत्र विकत आलं. आता ठेवायचं कुठे? तुर्भ्याला गाळा घ्यावा तर त्याचं भाडं यंत्राच्या भाड्याहून जास्त. ताईचं घर डोंबिवलीला, कामं घोडबंदरला आणि नव्या मुंबईत. नकाशावर बोट फिरवत भाचा ठाण्यावर थांबला. "मामा, तुझं घर सगळ्यांना मध्ये पडतं."

त्या दिवसापासून आमच्या गॅलरीत खांबाच्या नळ्या राहतात. दिवाणाखाली गुडघ्याची दोन हत्यारं. फ्रिजवर ब्लेडचे डबे. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे चौकोन दाबायचा रोलर. तो ७५ पौंडांचा, म्हणजे ३४ किलोंचा. ३४ हा आकडा ठाणेकराला चांगला पाठ असतो. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती ३४ किलोमीटर धावून, ५७ मिनिटांत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तेवढ्याच ५७ मिनिटांत आमचे ३४ किलो पहिल्या मजल्यावर पोचले आणि तिथे खालच्या आजोबांच्या दारात विसाव्याला थांबले. आजोबांनी दार उघडलं, रोलर बघितला, आमची तोंडं बघितली, आणि काही न बोलता पाणी आणून दिलं.

त्याच आजोबांनी पुढे तक्रार केली ती रात्रीच्या आवाजाची. आमच्या जुन्या इमारतीच्या जमिनीला गॅलरीकडे किंचित उतार आहे, हे इतकी वर्षं राहून आम्हाला कळलं नव्हतं. रोलरला पहिल्या रात्रीच कळलं.

घरात यातल्या एकाच वस्तूने स्वतःची किंमत वसूल केली, ती म्हणजे गुडघ्याला बांधायचे पॅड. लादी पुसायला येणाऱ्या मावशींनी ते एकदा बघितले, बांधून बघितले, आणि मग सोडलेच नाहीत. "काका, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कामाची वस्तू बनवली," असं म्हणाल्या. भाच्याला दुसरी जोडी घ्यावी लागली. त्या जोडीवर आता बायकोचा डोळा आहे. देवघर खालच्या कप्प्यात आहे.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्या शेजाऱ्यांनी कधी वाटीभर साखर मागितली नव्हती ते हत्यारं मागायला येऊ लागले. एकाला पडद्याचा रॉड बसवायचा होता, त्याने ड्रिल नेलं. एकाला कपाट सरकवायचं होतं, तो खांबाची तरफ बघून गेला. बऱ्याच समजावणीनंतर रिकाम्या हाताने गेला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी "तुमच्याकडे इस्त्री आहे म्हणे" म्हणून आल्या. ती इस्त्री कारपेटच्या गोंदाची, साडीला लावली तर साडी जमिनीला कायमची चिकटेल, असं सांगितल्यावर आम्ही द्यायला टाळतोय असं त्यांना वाटलं. मी बायकोला सुचवलं की नाममात्र भाडं ठेवू, निदान झीज निघेल. "शेजाऱ्यांकडून भाडं घेणार?" तिने असं विचारलं की मी वही मिटली. सेक्रेटरींनी मग निवासी जागेच्या व्यावसायिक वापराबद्दल नोटीस लावली आणि ती लावायला हातोडी आमच्याकडूनच नेली. ती अजून परत आलेली नाही.

आणि मग एक दिवस तुर्भ्याहून फोन आला. उस्ताद दुबईला परत गेले होते, तुर्भ्याच्या यंत्राच्या डोक्याचे दात झिजले होते, आणि कॉन्ट्रॅक्टरला सानपाड्याला एका घरातल्या थिएटरच्या खोलीचं काम लागलं होतं. भाच्याचं यंत्र एका दिवसासाठी भाड्याने मिळेल का?

भाचा महाप्याला चौकोन लावत होता. फोन मी घेतला. डिपॉझिट सांगितलं. आधारची झेरॉक्स सांगितली. दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सात.

"नुसतं मशीन द्या, आमच्याकडे पोरं आहेत."

"नुसतं?" मी म्हणालो. "मग डिपॉझिट डबल. नाहीतर बरोबर माणूस येईल."

माणूस म्हणजे मी. दुसरं आहेच कोण मोकळं? पेटी घेऊन ठाण्याहून वाशीच्या गाडीत मालडब्यात चढलो. २००४ मध्ये ही ट्रान्स-हार्बर सुरू झाली त्याच्या आधी मी वाशी शाखेला बसने लोंबकळत जायचो. आता दोन मासळीच्या टोपल्या आणि एक कुकरचं खोकं यांच्यामध्ये पेटीवर बसून ऐसपैस गेलो. सानपाड्याला पोरांनी पेटी उचलायला हात पुढे केला, मी नको म्हणालो. स्वतः उघडली. नळ्या फडक्याने पुसून ओळीने मांडल्या. खुर्ची मागितली. चहा बिनसाखरेचा, हेही सांगून ठेवलं.

पोरं चटपटीत होती. पट्ट्या झाल्या, गादी झाली, कारपेट उलगडलं. जोडाच्या ठिकाणी एकाने खडूची दोरी मारली आणि गोंदाची पट्टी टाकायला सुरुवात केली. निम्मी खोली झाल्यावर मी कप खाली ठेवला.

"वाकडं आहे," मी म्हणालो.

त्याने मागे जाऊन, एक डोळा मिटून बघितलं. वाकडंच होतं.

"काका, मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणालो आणि दुसरा चहा मागवला.